सात नंबरचं पातं

बाबुरावांनी खोक्यातला तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि पातं कुठे मोडलंय ते सगुणाला हात न लावताच कळलं. बुडाशी. तिने दोन सूत, म्हणजे पाव इंच, धातू घासून काढायला लावला होता, नेमकं तिथे.

टेबलापलीकडे जहाज बांधणाऱ्या परदेशी कंपनीचा इंजिनिअर बसला होता. पिकल्या दाढीचा, मितभाषी माणूस. तो सकाळीच विमानतळावरून थेट डोंबिवलीला आला होता. फाउंड्रीचे मॅनेजर बाबुराव त्याला तिसऱ्यांदा चहा विचारत होते. दारापाशी ग्राइंडरवरचे धाकूकाका उभे होते, टोपी हातात घेऊन.

दीड वर्षापूर्वी, ब्याण्णव साली, फाउंड्रीने त्या कंपनीच्या जहाजाच्या उजव्या पंख्याची आठ पाती ओतली होती, चार बसवायला, चार राखीव. जहाज बर्फ फोडत जाणारं होतं. समुद्रात तेल काढणाऱ्या माणसांना धान्य, डिझेल, औषधं पोचवायचं त्याचं काम. तो समुद्र इतका उथळ, की जहाजाचं बूड चपटं ठेवावं लागलं आणि पंखे लहान. फोडलेल्या बर्फाला खाली सरकायला जागाच नाही. तो पंख्यांत घुसणार, हे ड्रॉइंग बघूनच सगुणाला समजलं होतं. तिचं माहेर बाळकुमचं. वडील नाथा कोळी ठाण्याच्या खाडीत मशीनची होडी चालवायचे. ओहोटीला होडी गाळात घुसली की पंखा कसा रडतो, ते तिने लहानपणापासून ऐकलं होतं.

फाउंड्रीत मापं तपासून सही करायचं काम सगुणाचं. सात नंबरचं पातं बुडाशी दोन सूत जाड ओतलं गेलं होतं.

"राहू दे की बाई," धाकूकाका तेव्हा म्हणाले होते. "बर्फाशी गाठ आहे. दोन सूत जास्त असलं तर कोणाचं काय वाईट होणार?"

तिलाही ते पटलं होतं. माहेरी जाऊन वडिलांना विचारलं, तर तेही म्हणाले, पंखा जाडच बरा. पण ड्रॉइंगमध्ये त्या जागेच्या मापाभोवती वर्तुळ काढलेलं होतं. ज्याने ते काढलं त्याने काहीतरी विचार केला असेल, असं तिला वाटलं. तिने जादा धातू काढायला लावला, माप घेतलं आणि सही केली.

आणि चार दिवसांपूर्वी फॅक्स आला. बर्फात सात नंबरचं पातं मोडलं. जहाजावर अठरा माणसं. आमचा इंजिनिअर येतोय. बस, एवढंच.

तेव्हापासून खात्यात तिच्याशी कोणी धड बोललं नव्हतं. धाकूकाकांनी एकदाही 'मी सांगत होतो' म्हटलं नाही, हे तिला जास्त लागलं होतं. त्या अठरा जणांचं काय झालं, हे विचारायची तिची छाती होत नव्हती.

आज सकाळी बाबुरावांनी तिला बाजूला घेतलं. "धाकूच्या हातून जास्त घासलं गेलं, एवढंच म्हण. त्याची दोनच वर्षं राहिलीत. तुझी सगळी नोकरी पुढे आहे."

इंजिनिअरने खिशातून गेज काढला. मोडक्या बुडाची जाडी तीन ठिकाणी मोजली, वहीत लिहिली. मग त्याने मान वर करून इंग्रजीत विचारलं, "हे शेवटचं घासकाम कोणी केलं?"

बाबुरावांनी दाराकडे पाहिलं. धाकूकाका एक पाऊल पुढे आले. इंग्रजी कळत नसलं तरी प्रश्न त्यांना कळला होता.

"मी," ते म्हणाले.

"मी सांगितलं म्हणून त्यांनी केलं," सगुणा इंग्रजीत म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "दोन सूत जादा होतं. ते नको म्हणत होते. मी काढायला लावलं, सही माझी आहे."

"का काढलंत?"

"ड्रॉइंगमध्ये नव्हतं म्हणून."

बाबुरावांनी डोळे मिटून घेतले. इंजिनिअरने वही मिटली आणि तो सावकाश बोलू लागला. सगुणा ऐकत होती. ऐकता ऐकता तिने खुर्चीची पाठ धरली, मग खालीच बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते पाहून धाकूकाका घाबरले.

"काय म्हणतोय तो? गेली का माणसं?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"काका, जहाजाला दोन पंखे होते. डावा दुसऱ्या कारखान्याचा. त्यांनी पाती जाड ठेवली. बर्फाचा धोंडा अडकला तेव्हा ती मोडली नाहीत, तर आतला शाफ्टच पिळला. गिअरचे दात गेले, ती बाजू बंद. मग धोंडा आपल्या पंख्यात आला."

"मग?"

"आपलं पातं मोडलं. आत काही धक्का लागला नाही. उरलेल्या तीन पात्यांवर जहाज हळूहळू बाहेर निघालं." तिने पदराने तोंड पुसलं. "काका, आतलं काही मोडण्याआधी पातं मोडावं म्हणूनच ड्रॉइंगमध्ये ते तिथे बारीक ठेवलं होतं. अठराही माणसं घरी पोचली."