डावीकडून

"काडी डोंगराला लोळवते," आई म्हणाली. "लाव पैज."

लेकीच्या जपानी चित्रकथेतल्या दोन लढवय्यांना ही नावं आईनंच ठेवली होती. मुलगी हात पुढे करून बाकावर बसली होती. आई दवाखान्यात मलमपट्टी करायची, त्यामुळे बॉक्सिंगच्या आधी लेकीच्या मुठींना पट्टी बांधायला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

"काडीत तेवढा दमच नाही, आई. डोंगर एका ठोशात भिंत पाडतो."

"पाडू दे की. अक्षरं बारीक म्हणून मी चित्रांवर भागवलं, पण पुस्तक अख्खं बघितलंय. सुरुवातीला काडी आडवी, तोंड सुजलेलं. मग हळूहळू सूज उतरते, पडलेले दात परत येतात आणि शेवटी छाती काढून उभी. आमच्या दवाखान्यात नाही बाई असलं औषध."

मुलीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "ते पुस्तक उजवीकडून वाचतात. तू शेवटाकडून सुरू केलंस. काडी हरते."

आईचा हात थांबला.

"आणि मीही हरणार. मागच्या वेळी त्या उंच मुलीनं मला पहिल्याच फेरीत झोपवलं. सरांना सांग ना, माझं नाव काढा म्हणावं."

आईनं पट्टीचं टोक मनगटाशी खोचलं, जरा जोरातच. "सांगायचं तर तूच सांग. आणि पुस्तक कुठून वाचायचं ते मला शिकवू नकोस."

तेवढ्यात दारातून सरांनी हाक मारली. मुलीनं सांगायला तोंड उघडलं, एकदा आईकडे पाहिलं आणि त्या उघड्या तोंडात दातांचं गार्ड बसवून टाकलं.

दुसऱ्या फेरीत उंच मुलीचा ठोसा तिच्या हनुवटीवर बसला. ती सपशेल आडवी झाली. पंच आकडे मोजू लागले. सरांनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला, हार मान्य म्हणून तो रिंगमध्ये टाकायचा एवढंच बाकी होतं.

मागून आईचा आवाज आला, अख्खा वॉर्ड जागा होईल असा.

"पहिलं पान झालं. आता डावीकडून वाच गं!"

काय वाचायचं ते सरांना कळेना. लेकीनं ग्लोव्ह वर करून त्यांना थांबवलं आणि सुजल्या तोंडानं ती उठून उभी राहिली.