पाहुणे उठेपर्यंत

"पाखरू बसलंय तोवर इंजिन सुरू करायचं नाही," बोटीचे प्रमुख हसुराम तांडेल म्हणाले. बोटीवर टेकलेलं पाखरू म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्याला उठवणाऱ्याला समुद्र घरी पोचू देत नाही, ही त्यांच्या बंदराची जुनी रीत.

आज पाहुणे तीस-चाळीस होते. दिवाळीनंतर पाठीशी वारा घेऊन आफ्रिकेला जाणारे छोटे ससाणे या वर्षी भर समुद्रातून उलटे फिरून बोटीवर टेकले होते.

"मामा, हे परत कशाला आले?" सुकाणूवरच्या भाच्याने विचारलं.

"विसरलं असेल काहीतरी."

"पुढं वारा फिरलाय, मामा. वादळ असणार. आपणही निघू."

"पाहुण्यांना हाकलून? आईने हेच शिकवलं तुला?"

आई तांडेलांचीच बहीण, त्यामुळे भाच्याने किल्लीवरचा हात काढला.

थोड्या वेळाने वारा साफ पडला. मग सगळे ससाणे एकदम उठले आणि जीव खाऊन किनाऱ्याकडे सुटले.

"बघ, मानानं गेले. कर सुरू."

इंजिन सुरू झालं. पश्चिमेला आभाळ आणि पाणी वेगळं दिसत नव्हतं. सुकाणू एका खलाशाकडे देऊन भाचा लाइफ जॅकेटं वाटत आला. तांडेलांनी जॅकेट जन्मात घातलं नव्हतं. आज घातलं, आणि बंद दोनदा ओढून पाहिले.