टेकडीवरून काढलेला फोटो

साहेब, शहर सुधारणं तुम्हाला बापजन्मात जमलं नाही, म्हणून तुम्ही फोटो सुधारून घेतलात.

फोटोग्राफरने टेकडीवरून सगळं टिपलं होतं, नदी, पूल आणि पायथ्याची पत्र्याची घरंसुद्धा. "ती घाण उडव रे, तिथे झाडी टाक," तुम्ही म्हणालात. नोकरीच्या धाकाने त्याने मान डोलावली. कॉम्प्युटरवर स्वतःचं छप्पर त्याने सगळ्यात शेवटी पुसलं, एवढंच.

वर्षभराने तोच फोटो नाचवत, घरोघरी नोटिसा वाटत तुम्ही वस्तीत आलात. "इथे घरं नव्हतीच, जंगल होतं. हा घ्या पुरावा. आठ दिवसांत जागा खाली करा!"

फोटोग्राफरची मान वर होईना. त्याच्या आईने मात्र नोटीस उलटसुलट करून पाहिली.

 

"जंगल होतं ना साहेब? मग ही नोटीस कुठल्या झाडाच्या नावाने काढलीत?"