त्यातला अल्सेशियन कोण?

आश्लेषाचा जन्म अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातलाच. त्या देशातल्या अल्सेशियन आणि कोरियन लोकांच्या सांपत्तिक स्थितीवर ती पीएचडी करत होती आणि शशिकांतकाकांचा दर पॉटलक जेवणाला तोच विनोद, “कुत्र्यांची कसली गं सांपत्तिक स्थिती?”

“काका, अल्सेस फ्रान्समध्ये आहे, माणसं राहतात तिथे!” ती वैतागली. “पैसा दोघांनीही कमावला. पण कोरियनांना अजून विचारतात, घरी कधी जाणार?”

तेवढ्यात शेजारच्या मार्था कुत्रा फिरवत आल्या. “समरच्या सुट्टीत घरी जाणार का, आश्लेषा?”

“घरीच आहे की.”

“तसं नाही गं, तुमच्या घरी. इंडियाला!”

त्या पुढे गेल्यावर काकांनी हळूच विचारलं, “हा तरी अल्सेशियनच ना?”

“कुत्रा लॅब्रॅडॉर आहे, काका. अल्सेशियन त्या बाई आहेत.”