शिंगाला हात

‘आय टेक द बुल बाय द हॉर्न्स, मॅडम,’ अंबादास म्हणाला. पाठ केलेलं वाक्य न अडखळता बाहेर पडलं, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

कठीण काम अंगावर आलं तर काय करता, हा मुलाखतीतला ठरलेला प्रश्न. ठरलेलं उत्तर सोबत राहणाऱ्या अमोलनं दिलं होतं. कचरायचं नाही, बैलाची सरळ शिंगंच धरायची. करोल बागेतल्या खोलीत दोघांनी ते महिनाभर घोकलं. ‘बिल्कुल असंच बोल यार. आणि गावाकडचं काही तोंडातून काढू नकोस.’ अमोल स्वतः दोनदा आपटून मानेसरच्या मोटारींच्या कारखान्यात चिकटला होता. आपटलेल्या माणसाकडे सल्ल्यांना तोटा नसतो. अंबादासची ही शेवटची संधी होती. आज हुकलं की अधिकारी होणं संपलं.

अध्यक्षबाईंनी त्याचा अर्ज खाली ठेवला. ‘तुम्ही कधी धरलीत बैलाची शिंगं?’ त्यांनी हिंदीत विचारलं.

पंख्याचा आवाज दूर दूर गेला. खोलीत ओल्या ढेकळांचा वास आला, निदान त्याला तरी. टेबलापलीकडचे साहेब पुसट झाले. तिथं आता धुकं होतं, आणि धुक्यात घरचं तांबडं खोंड मान झटकत उभं होतं. कोटाच्या लांब बाह्यांत त्याचे हात सैल पडले. त्याला खोटं बोलायचा कंटाळा आला.

‘नाही मॅडम,’ तोही हिंदीवर आला. ‘शिंगं धरणारा आडवाच होतो. आमच्याकडे तसं कुणी करत नाही.’

एक साहेब हसले. संपलं, अंबादासला वाटलं. बाई मात्र हसल्या नाहीत.

‘मग अडेल जनावराला कामाला कसं लावता?’

‘जाणत्या बैलाशेजारी जुंपतो. त्याचं बघून नवं खोंड पाऊल टाकतं. आठ-पंधरा दिवसांत सरळ चालायला लागतं.’

‘आणि घरात जाणता बैल नसेल तर?’

हे अंबादासनं दिल्लीत कुणालाच सांगितलं नव्हतं, अमोललाही नाही. आजवर त्याला याची लाज वाटत आली होती. आत्ता वाटेना.

‘आमच्याकडे नव्हताच,’ तो म्हणाला. ‘जुवाच्या दुसऱ्या बाजूला माझे वडील खांदा द्यायचे.’