भिंगरी कुणाकडे?

"घरात टीव्ही किती वेळ चालतो, असं विचारलं तर?" वकिलाने विचारलं.

"अर्धा तास," चष्मेवाला ठामपणे म्हणाला. मग आवाज खाली आणून, "बातम्या धरून की सोडून?"

वकिलाने कपाळाला हात लावला. कौटुंबिक न्यायालयाच्या लांबलचक व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला चष्मेवाल्याची बायको आपल्या वकीलबाईंसमोर अशीच उजळणी करत होती. ती पोहायला शिकवायची. तलावाच्या काठावरून ओरडायची सवय, त्यामुळे तिची सगळी उत्तरं याला आयतीच ऐकू येत होती.

"गृहपाठ? मी स्वतः घेते! रोज!"

"रोज म्हणे," तो पुटपुटला. "लिहून घ्या, मीही रोज."

दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं होतं आणि त्यात फारशी कटुता नव्हती. भांडी वाटून झाली, पुस्तकं वाटून झाली. शिलाई मशीन तर दोघंही एकमेकांच्या गळ्यात मारायला बघत होते. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. त्यांची आठ वर्षांची लेक शाळेच्या दिवसांत कुणाकडे राहणार आणि कुणाकडे नुसती सुट्टीला जाणार? सारखी स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत.

माघार घेणं दोघांच्याही रक्तात नव्हतं. त्यांची ओळखच कॅरमच्या स्पर्धेत झाली होती आणि तो अंतिम सामना कोणी जिंकला, यावर अजून एकमत नव्हतं.

त्याने नव्या घरात भिंगरीची खोली पिवळी रंगवली. ते कानावर येताच बायकोने आपल्याकडची खोली निळी रंगवली, वर छतावर मासे काढले. तो वेणी घालायला शिकला. सराव सख्ख्या बहिणीच्या केसांवर केला आणि बहिणीने तेवढ्या काळापुरतं त्याच्याकडे येणं बंद केलं. उभ्या जन्मात पसारा न आवरलेली बायको कपाटात कपड्यांच्या सरळ चळती लावू लागली.

न्यायालयाच्या समुपदेशक दोन्ही घरं बघून आल्या. खाण्यापिण्याचा इतका आग्रह झाला, की शेवटी त्यांना सांगावं लागलं, "अहो, मी पाहुणी नाही. तपासणीला आलेय." दोन्ही घरं चांगली, दोन्ही शाळेजवळ, दोघंही मुलीवर जीव टाकणारे, असं त्यांनी न्यायाधीशबाईंना कळवलं. म्हणजे पंचाईत होती तिथेच राहिली.

म्हणून आज न्यायाधीशबाई भिंगरीशी स्वतः बोलणार होत्या, आपल्या दालनात. आईबाबांशिवाय.

बाईंनी काळा कोट खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि भिंगरीच्या शेजारी सतरंजीवर बसल्या. उठताना गुडघे कुरकुरणार, हे माहीत असूनही.

"हे बघ, इथे आई जिंकली का बाबा जिंकले, असं नसतं," त्या म्हणाल्या. "तुझं भलं कशात आहे, तेवढंच आम्ही बघतो."

"बाहेर तर जिंकायचंच चाललंय," भिंगरी म्हणाली. "बाबांनी नवा शर्ट घातलाय. खिशाजवळ किमतीची चिठ्ठी तशीच आहे."

बाईंनी हसू दाबलं. मग एकेक विचारत गेल्या. सकाळी कोण उठवतं? जवळच्या मैत्रिणी कुठे राहतात? रात्री पोट दुखलं तर कुणाला हाक मारतेस?

"जो जवळ असेल त्याला."

"आणि दोघंही जवळ असले तर?"

"मग दोघंही धावतात. दारात टक्कर होते."

"तू कुणाला निवडायलाच हवंस असं नाही हं. काही सांगितलं नाहीस तरी कुणी रागावणार नाही."

"पण मी ठरवलंय," भिंगरी म्हणाली. "कानात सांगू?"

बाईंनी कान पुढे केला. भिंगरी बराच वेळ कुजबुजत होती. तिचं बोलून झालं तरी बाई तशाच वाकून बसल्या होत्या.

"हे मी आईबाबांना सांगितलं तर चालेल?"

"सांगा की. त्यात काय लपवायचंय?"

भिंगरी समुपदेशकांचं बोट धरून अंगणात खेळायला गेली. बाईंनी कोट चढवला आणि कोर्टात येऊन बसल्या. समोर एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला त्याची बायको. कालच फोन ठेवताना भिंगरीने आपल्याला दोनदा पापी दिली होती, हे त्याला आठवत होतं. आज इथे येताना तिने आपला हात घट्ट धरला होता, हे हिला आठवत होतं. दोघांच्याही चेहऱ्यावर जिंकल्याची चमक आधीच आली होती.

"मुलीने तिचं मत सांगितलंय," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तिच्या परवानगीने तुमच्यापुढे ठेवते. वयाच्या मानाने फार विचार करून बोललीय. निकाल देताना मी ते मनावर घेणार आहे."

दोघंही खुर्चीच्या कडेला सरकले.

"ती म्हणाली, जो जिंकेल तो खुशीत असेल, त्याला सोबत नसली तरी चालेल. जो हरेल तो घरी जाऊन एकटाच रडत बसेल. म्हणून जो हरेल, त्याच्याकडे मी राहीन."

दोन्ही वकील हातातल्या कागदांकडे बघत राहिले. इतके महिने तयार केलेले मुद्दे, आणि त्यातला एकही आता कामाचा नव्हता.

मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. भिंगरीची आई उभी राहिली होती.

"मॅडम, मी हरले."

"हरकत आहे!" चष्मेवाला ताडकन उठला. "आधी मी हरलोय!"