दीड टन

दत्तप्रसाद सर जिन्यात हात पसरून उभे राहिले, आणि ते उभे राहिल्यावर जिन्यात वाऱ्यालाही जागा उरली नाही. एसीचं मोठं खोकं खांद्यावर घेऊन चढणारा वैजनाथ मेकॅनिक चौथ्या पायरीवरच अडकला.

"हे वर जाणार नाही," सर म्हणाले. "सोसायटीचा ठराव झालाय. सर्वानुमते."

यमुनाबाई वरून तीन जिने उतरून आल्या. वय ब्याऐंशी, उंची चार फूट दहा इंच. सदाशिव पेठेत त्यांच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता; आला असता तर त्यांनी त्याला आल्या वाटेनं परत धाडला असता.

"वाचा ठराव."

सरांनी खिशातून कागद काढला. "'इमारत पंचेचाळीस वर्षांची आहे. दीड टन वजनाची वस्तू तिच्या भिंतीस टांगता येणार नाही.'"

"दीड टन? हे कुणी सांगितलं?"

"सकाळपासून खोकं खाली पडून होतं, त्यावर छापलंय. तीस वर्षं मुख्याध्यापक होतो, यमुनाबाई, वाचता येतं मला. दीड टन म्हणजे पंधराशे किलो. हत्तीचं पोर टांगताय तुम्ही भिंतीला."

"आणि ते पोर हा वैजनाथ एकटा खांद्यावर घेऊन आला?"

सरांनी वैजनाथला आपादमस्तक न्याहाळलं. "गाव कुठलं तुमचं?"

"वाशीम, जी."

"तरीच. तिकडची माणसं काटक असतात."

यमुनाबाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. तीन. सहाला अभिनव गाडी घेऊन येणार होता. मागच्या आठवड्यात स्लॅब तापून त्या ओट्यापाशी कोसळल्या, तेव्हाच लेकानं बजावलं होतं: शनिवारपर्यंत एसी बसला नाही, तर आई, तू वाकडला माझ्याकडे, बाविसाव्या मजल्यावर. कायमची. आज शनिवार होता.

"सर, ते टन वजनाचे नाहीत," वैजनाथ खांदा बदलत म्हणाला. "एक टन बर्फ दिवसभरात वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो ना, तेवढी..."

"बर्फ!" सरांचा आवाज गच्चीपर्यंत गेला. "दीड टन बर्फ! रोज! आणि वितळलेलं पाणी? खाली राजनंदिनीचा कथकचा क्लास आहे. पोरींनी काय पोहत पोहत तत्कार करायचा?"

वैजनाथनं पुढचं वाक्य गिळलं. या माणसाला आणखी समजावलं तर हा होड्या मागवेल, हे त्याला कळलं.

"वैजनाथ, मागे वळ," यमुनाबाई म्हणाल्या. "चल हिंदुरावकडे."

हिंदुरावचं रद्दीचं दुकान समोरच. बाहेर काटा. पेठेत त्या वेळेला देव जरी दारात आला तरी 'चारनंतर या' असं आतूनच ऐकतो. पण यमुनाबाई भर उन्हात पदर खोचून रस्ता ओलांडताना दिसल्या आणि एकेक खिडकी उघडली. हिंदुरावनं रद्दी बाजूला सारून खोकं काट्यावर घेतलं.

"चौतीस किलो," तो म्हणाला. "खोक्यासकट."

"काटा खोटा आहे," सर म्हणाले.

हिंदुरावचा चेहरा उतरला. बापाच्या काळापासूनचा धंदा, काट्याला कुणी नावं ठेवली नव्हती. यमुनाबाई मात्र प्रसन्न हसल्या.

"मग चढा. तुमचं वजन तर तुम्हाला ठाऊक असेलच."

माघार घ्यावी तर अख्खी पेठ बघत होती. सर चढले. हिंदुरावनं आकडा पाहिला आणि फार आदरानं, पण फार मोठ्यांदा सांगितला. "शहाण्णव!"

सरांनी मान डोलावली नाही आणि हलवलीही नाही. काटा खरा ठरला.

"अहो, शहाण्णव किलो रोज संध्याकाळी गॅलरीच्या कठड्याला रेलून पेपर वाचतात," यमुनाबाई म्हणाल्या, "त्याचा ठराव कुठाय? आणि तुमचा ठराव आहे दीड टनाचा. हे आहे चौतीस किलो. म्हणजे तुमच्या ठरावाप्रमाणेच वर चाललंय. सरका."

साडेपाचला एसी चालू झाला. थोड्याच वेळात सर एक नवा कागद घेऊन वर आले आणि बोलावण्याची वाट न बघता बरोबर झोतासमोरच्या खुर्चीत बसले.

"सोळावर करा की. लवकर गार होईल."

"सोळावर केला म्हणून तो जास्त धावत नाही, सर. फक्त थांबायचं विसरतो. उकळी फुटल्यावर गॅस मोठा करून डाळ लवकर शिजते का? सव्वीस, आणि वर पंखा. सोसत नसेल तर जिना मोकळा आहे. काय आणलंय?"

"नवा ठराव." सरांनी घसा साफ केला. "'टन हे वजनाचे माप नाही, असे सर्वानुमते ठरले.' सगळ्यांच्या सह्या झाल्यात. तुमची तेवढी राहिलीय."

खाली ओळखीचा हॉर्न वाजला. यमुनाबाईंनी गॅलरीचं दार वीतभर उघडलं.

"अभिनव! वळव गाडी!"

दार लावून त्या परत आल्या, सरांच्या हातातलं पेन घेतलं, आणि 'सर्वानुमते' या शब्दावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली.

"टन हे वजनाचंच माप आहे, सर. हिंदुरावला विचारा, भंगार टनावारी विकतो तो. चुकलं ते टनाचं नाही, तुमचं. तेवढं लिहा, मग करते सही."

कागद आणि पेन त्यांनी सरांच्या मांडीवर ठेवलं. सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. उठले मात्र नाहीत.